जखम भरली, पण बोट का हलत नाही?

(कम्युनिटी रेडिओवर झालेल्या भाषणाचा मजकूर)



ज्वारीची सुगी आली की आपल्या सोलापूर जिल्ह्यात घरोघरी विळ्यांना धार लावून घेतली जाते. ऊसतोड तर दिवाळीपासून चालूच असते. विळा, कोयता, खुरपं, कडबा कापायचं यंत्र ही आपली रोजची हत्यारं. त्यांनी एकदाही हात कापला नाही, अशी बाई शोधून सापडायची नाही. आपण चिंधी बांधतो आणि पुन्हा कामाला लागतो. बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतंही.

पण काही वेळा वेगळंच होतं. जखम पंधरा दिवसांत भरून येते, टाके निघतात, वरून सगळं ठीक दिसतं. तरी एखादं बोट मात्र बधिर राहतं. चिमटा काढला तरी कळत नाही. हाताची पकड सैल होते. मग घरातली मोठी माणसं म्हणतात, “नस दुखावली असेल, येईल हळूहळू.”

आज आम्ही या ‘येईल हळूहळू’बद्दल बोलणार आहोत. कारण कधी कधी ते खरंच येतं. आणि कधी कधी वाट बघण्यातच हात कायमचा जातो. कोणत्या वेळी थांबायचं आणि कोणत्या वेळी अजिबात थांबायचं नाही, हे आपल्याला कळलं पाहिजे.

आधी ‘नस’ या शब्दाचा घोळ सोडवू या. आपण तीन वेगळ्या गोष्टींना नसच म्हणतो. पहिली म्हणजे रक्तवाहिनी. ती कापली की रक्त वाहतं, म्हणून ती लगेच लक्षात येते. दुसरी कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी. हाताची मूठ वळताना मनगटाजवळ ज्या दोऱ्या ताणलेल्या दिसतात, त्या कंडरा. तिसरा मज्जातंतू. हा पांढरट दोऱ्यासारखा असतो. मेंदूचा आणि मणक्यातल्या मज्जारज्जूचा निरोप तो स्नायूपर्यंत नेतो, आणि बोटाला लागलेला चटका, टोचलेला काटा याची खबर परत वर आणतो. तो तुटला तर रक्ताची चिळकांडी उडत नाही. म्हणूनच तो नजरेतून सुटतो.

आता हा निरोप स्नायूपर्यंत पोचतो कसा? मज्जातंतूच्या टोकाला बारीक बारीक फांद्या फुटलेल्या असतात. एकेक फांदी स्नायूच्या एकेका धाग्याजवळ जाऊन टेकते. अगदी चिकटत नाही, मध्ये डोळ्याला न दिसणारी फट असते. निरोप आला की फांदीच्या टोकातून ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन त्या फटीत सुटतं. समोर स्नायूवर ते रसायन झेलणाऱ्या जागा असतात. त्यांनी ते झेललं की स्नायू आखडतो आणि बोट हलतं. भाकरी थापताना, विडी वळताना, सुईत दोरा ओवताना हे दर क्षणाला चालू असतं. मज्जातंतू आणि स्नायू जिथे भेटतात, त्या जागेला आपण सांधा म्हणू या. हाडांचा नव्हे, निरोपाचा सांधा.

मज्जातंतू कापला गेला तर काय होतं? ऑगस्टस वॉलर नावाच्या इंग्रज डॉक्टरने १८५० मध्ये बेडकाच्या जिभेकडे जाणारे मज्जातंतू कापून पाहिलं. त्याच्या लक्षात आलं, की कापलेल्या जागेच्या पुढचा भाग काही दिवसांत झिजून विरून जातो. मागचा भाग, जो मेंदूच्या बाजूला असतो, तो जिवंत राहतो. आजही डॉक्टर या झिजण्याला वॉलरच्या नावानेच ओळखतात.

हे समजायला परसातला दोडक्याचा वेल डोळ्यांपुढे आणा. वेल मधोमध कापला तर मुळाकडचा भाग हिरवा राहतो. शेंड्याकडचा भाग मात्र वाळून जातो, त्याची पानं गळतात. आपल्या हातातही तसंच होतं. कापलेल्या जागेच्या पुढचा तंतू वाळतो आणि स्नायूवर टेकलेल्या त्याच्या फांद्या सर्वांत आधी, थोड्याच दिवसांत नाहीशा होतात. निरोपाचा सांधा सुटतो. स्नायू जागेवर असतो, रक्त मिळत असतं, पण त्याला हुकूम देणारं कुणी उरत नाही.

पण वेलासारखीच एक आशेची गोष्टही आहे. वेल वाळला तरी मांडव उभा असतो. मज्जातंतूभोवती बारीक नळ्यांसारखं आवरण असतं, ते मागे राहतं. मुळाकडच्या जिवंत भागाला नवे कोंब फुटतात आणि त्या नळ्यांच्या आधाराने ते स्नायूच्या दिशेने सरकतात. कापलेली दोन टोकं समोरासमोर जुळलेली असली तरच कोंबाला मांडव सापडतो. टोकं लांब गेली असतील, तर कोंब तिथेच गुंता करून बसतात. त्याची गाठ होते, आणि तिला धक्का लागला की झिणझिण्या येतात. म्हणून पूर्ण कापलेला मज्जातंतू आपोआप जुळत नाही. तो डॉक्टरांना शिवावा लागतो. हे काम डोळ्यांना भिंग लावून, केसाहून बारीक दोऱ्याने करतात.

आता खरा हिशोब ऐका. बचत गटाच्या बायकांना हिशोब नवा नाही. हा कोंब दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतो. म्हणजे महिन्याला जेमतेम एक इंच. मनगटाजवळ कापलं असेल, तर तिथून हाताच्या बारीक स्नायूंपर्यंतचं अंतर तीन-चार इंच. म्हणजे नीट शिवल्यावरही तीन-चार महिने. कोपराजवळ कापलं असेल तर अंतर बारा इंचांच्या आसपास, म्हणजे वर्षभर. काखेजवळ इजा झाली तर हाताच्या पंजापर्यंत पोचायला दोन वर्षं लागतील.

आणि तोवर स्नायू काय करत असतो? वाट बघत असतो. सुरुवातीला तो रसायन झेलायच्या जागा आपल्या सगळ्या अंगभर पसरवतो, जणू कुठूनही निरोप यावा. मग आठवड्यांमागून आठवडे तो बारीक होत जातो. काम नाही म्हणून त्याचं मांस झडतं. एक ते दीड वर्ष गेलं की स्नायूच्या धाग्यांच्या जागी चरबी आणि चिवट तंतू भरू लागतात. मग कोंब पोचला तरी त्याला टेकायला जागा उरत नाही. पाहुणा आला, पण घर पडलेलं, असं होतं.

म्हणजे बघा, एका बाजूला कोंब महिन्याला एक इंच चालतोय, दुसऱ्या बाजूला स्नायूची मुदत वर्ष-दीड वर्षाची आहे. कोपराजवळची इजा असेल आणि आपण सहा महिने ‘येईल हळूहळू’ म्हणत बसलो, तर सहा अधिक बारा, दीड वर्ष झालं. मुदत तिथेच संपली. कर्जाचा हप्ता चुकला तर दंड भरून खातं सुरळीत होतं. इथे तशी सवलत नाही.

आमच्या एका गटातल्या ताईची गोष्ट तिच्या परवानगीने सांगतो. मोहोळ तालुक्यातलं गाव. ज्वारीची कणसं कापताना विळा निसटला आणि मनगटावर, करंगळीच्या बाजूला लागला. जवळच्या दवाखान्यात टाके घातले, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. जखम छान भरली. करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाचा अर्धा भाग बधिर होता. विचारलं तर उत्तर मिळालं, “सूज आहे, येईल.” दोन महिन्यांनी तिची ती दोन बोटं आत वळायला लागली. भाकरी थापताना करंगळी पिठात अडकायची. एकदा तव्याला बोट लागून भाजलं, ते तिला वासावरून कळलं. मग अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या मधला मऊ, फुगीर भाग बसला, तिथे खड्डा पडला. ही फार महत्त्वाची खूण आहे. तिथला स्नायू निरोप न मिळाल्यामुळे झडत असतो.

चौथ्या महिन्यात तिला पुण्याला मोठ्या दवाखान्यात न्यायचं ठरलं. भाडं, राहणं, तपासण्या, सगळ्यासाठी पैसे हवे होते. गटाच्या बैठकीत अंतर्गत कर्जाचा विषय निघाला. एकीने विचारलं, “जखम तर बरी झाली, मग कर्ज कशाला?” प्रश्न चुकीचा नव्हता. बाहेरून हात चांगलाच दिसत होता. तेव्हा एक वयस्कर मावशी म्हणाल्या, “विहिरीला पाणी हाय, मोटार बी धड हाय, पण मधली केबल तुटलीय. मग पाणी कसं चढंल?” एवढ्यावर विषय मिटला आणि कर्ज मंजूर झालं.

पुण्यात डॉक्टरांनी मज्जातंतूची तपासणी केली. टोकं एकमेकांपासून लांब सरकली होती. म्हणून पायाच्या पोटरीजवळचा, स्पर्शाची खबर नेणारा एक मज्जातंतू काढून मधली फट भरली. तो काढला की पावलाच्या कडेला थोडी बधिरता राहते, पण चालणं अडत नाही. त्यानंतर जवळजवळ वर्ष गेलं. आज तिची बोटं बरीच सरळ झाली आहेत. धार काढते, भाकरी थापते. चिमटीत मात्र पूर्वीचा जोर नाही, सुईत दोरा ओवायला तिला मुलगी लागते. पहिल्या पंधरवड्यात शिवलं असतं तर जास्त मिळालं असतं, असं तिला डॉक्टरांनी सांगितलं. आणि आणखी वर्षभर थांबली असती तर एवढंही मिळालं नसतं, हेही सांगितलं.

म्हणून हाताला खोल कापलं तर काय करायचं, ते नीट ऐका.

पहिलं, स्वच्छ फडकं जखमेवर घट्ट दाबून धरा आणि हात छातीच्या वर उचला. दाबूनच रक्त थांबतं. दंडाला दोरी आवळू नका. हळद, चुना, तंबाखू, कॉफी, माती काहीही भरू नका, त्याने जखम पिकते आणि शिवणं अवघड होतं. लवकर दवाखाना गाठा. रक्त थांबत नसेल तर १०८ ला फोन करा.

दुसरं, दवाखान्यात जाताना किंवा पोचल्यावर, हात बधिर करायचं इंजेक्शन देण्याआधी, स्पर्श तपासा. डोळे मिटायचे आणि दुसरीने कापसाने हळूच शिवायचं. करंगळीचं टोक, अंगठ्याशेजारच्या बोटाचं टोक, आणि हाताच्या पाठीवर अंगठा व शेजारचं बोट यांच्या मधली जागा. या तीन जागा म्हणजे हाताच्या तीन मोठ्या मज्जातंतूंच्या तीन खिडक्या. दुसऱ्या हाताशी तुलना करा.

तिसरं, हालचाल तपासा. पाचही बोटं पंख्यासारखी फाकवता येतात का? अंगठा करंगळीच्या टोकाला लावता येतो का? मनगट वर उचलता येतं का? जखमेमुळे दुखत असेल तर जोर करायचा नाही, पण यातलं काही जमत नसेल किंवा स्पर्श कळत नसेल, तर डॉक्टरांना स्वतःहून सांगा, “डॉक्टर, या बोटाला कळत नाही. मज्जातंतू तुटलाय का ते बघा.” हे एक वाक्य पाठ करून ठेवा. रक्त थांबवायच्या गडबडीत ते राहून जाऊ नये.

सगळीकडे हे शिवायची सोय नसते. अशा वेळी जखम साफ करून, टाके घालून, चिठ्ठी घेऊन लगेच पुढे जायचं. सोलापूरचं सिव्हिल, म्हणजे श्री छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं आहे. तिथे दाखवलं की पुढे कुठे जायचं ते कळतं. जाताना रेशन कार्ड, आधार कार्ड जवळ ठेवा. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत असलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेले असतात, ही शस्त्रक्रिया योजनेत बसते का ते त्यांना विचारा.

पण मैत्रिणींनो, मज्जातंतू फक्त विळ्यानेच दुखावतो असं नाही. विळा एका क्षणात करतो, ते काही आजार महिनोन्‌महिने गुपचूप करतात. त्यातला आपल्या ओळखीचा आजार म्हणजे कुष्ठरोग.

या रोगाचे जंतू नॉर्वेच्या हॅन्सन या डॉक्टरने १८७३ मध्ये शोधले. या जंतूंना शरीराची थंड जागा आवडते, म्हणून ते कातडीजवळून जाणाऱ्या मज्जातंतूंत शिरतात. कोपराच्या मागे, मनगटाशी, गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, घोट्याशी. मज्जातंतू सुजतो, दबतो आणि आतले धागे झिजतात. पुढचं सगळं तेच, वेल वाळतो, सांधा सुटतो, स्नायू झडतो. कोपराशी इजा झाली की बोटं आत वळतात. गुडघ्याशी झाली की पाऊल लोंबतं आणि चप्पल पायातून निसटते. चेहऱ्याच्या मज्जातंतूला झाली की डोळा मिटत नाही.

लोक समजायचे, की कुष्ठरोगात बोटं आपोआप झडतात. डॉ. पॉल ब्रँड हे १९४६ मध्ये तमिळनाडूत वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. त्यांनी बारकाईने पाहून दाखवून दिलं, की बोटं रोगाने झडत नाहीत. स्पर्श नसल्यामुळे चटके, जखमा कळत नाहीत, त्या चिघळतात आणि बोटं झिजत जातात. वळलेल्या बोटांसाठी त्यांनी तिथे शस्त्रक्रियाही केल्या. ज्या स्नायूचा मज्जातंतू शाबूत आहे, त्याची कंडरा सोडवून ती बोटाकडे वळवायची. एका विहिरीची मोटार जळाली तर शेजारच्या विहिरीतून पाइप टाकतो, तसं. ज्या स्नायूची मुदत संपली आहे, तिथेही हा मार्ग उरतो. म्हणून उशीर झालेल्या बाईलाही आम्ही सांगतो, आता काही होणार नाही असं स्वतःच ठरवून घरी बसू नका.

आपल्या महाराष्ट्रात बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि वरोऱ्याजवळ आनंदवन उभं राहिलं. बोटं वळलेल्या, झिजलेल्या हातांनी तिथे शेती पिकवली, कापड विणलं. हात अधू झाला म्हणून माणूस कामातून जात नाही, हे त्यांनी दाखवलं. पण मुळात हात अधू होऊच द्यायचा नाही, हे आज आपल्याला जमण्यासारखं आहे.

अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असेल, तो खाजत नसेल, दुखत नसेल आणि तिथे स्पर्श कळत नसेल, तर आशाताईंना दाखवा. बहुविध औषधोपचार, ज्याला एमडीटी म्हणतात, तो सरकारी दवाखान्यात फुकट मिळतो. सहा महिने किंवा वर्षभर गोळ्या घ्यायच्या असतात. जंतू मरतात. पण मज्जातंतूची सूज वेगळी असते. औषध चालू असताना, किंवा संपल्यावरही, हातापायातला जोर अचानक कमी झाला, कोपराशी ठणका लागला, तर लगेच सांगायचं. ही नवी कमजोरी सहा महिन्यांच्या आतली असेल, तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिलेल्या स्टिरॉइडच्या गोळ्यांनी ती परत येण्याची चांगली शक्यता असते. पुन्हा तेच बघा, मुदत. दर वर्षी ३० जानेवारीपासून कुष्ठरोगाची जनजागृती मोहीम असते. घरी तपासणीला कुणी आलं तर लाजून दार लावू नका. आणि चट्टा निघालेल्या सुनेला माहेरी धाडू नका. उपचार सुरू झाले की तिच्यापासून कुणाला लागण होण्याची भीती राहत नाही.

आता आपल्या जिव्हाळ्याचा विषय, बाळ. बाळंतपणात कधी बाळाचा खांदा अडकतो. त्या ओढाताणीत मानेतून हाताकडे जाणारे मज्जातंतू ताणले जातात. बाळाचा एक हात लुळा पडतो, कोपर वाकत नाही, तळवा मागे वळलेला असतो. यात कुणाची नजर लागलेली नसते, ग्रहणाचाही दोष नसतो. पुष्कळ बाळांचा तंतू नुसता ताणलेला असतो, तुटलेला नसतो, आणि हात काही आठवड्यांत सुधारतो. इथे ‘येईल हळूहळू’ खरं ठरतं. पण मुदत लावून. तीन महिन्यांचं झालं तरी बाळ कोपर वाकवत नसेल, तर त्याला मज्जातंतूंच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांकडे नेलंच पाहिजे. वाट बघायची ती घरी बसून नाही, पहिल्या आठवड्यापासून डॉक्टरांच्या नजरेखाली. तोवर मालिशवाल्या मावशींना सांगून ठेवा, तो हात ओढायचा नाही, झटके द्यायचे नाहीत. अंगणवाडीत आणि शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, त्यांनाही बाळ दाखवा.

आणखी एक आजार आपण अलीकडेच ऐकला. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी या भागात गुलियन बॅरे सिंड्रोम, म्हणजे जीबीएसचे रुग्ण एकदम वाढले. संशयित रुग्णांचा आकडा दोनशेच्या वर गेला. त्यातला पहिला संशयित मृत्यू आपल्या सोलापुरात झाला, तेव्हा इथेही सगळे धास्तावले होते. काही रुग्णांच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर हा जुलाबाचा जंतू सापडला. या आजारात शरीराची रोगाशी लढणारी ताकदच चुकून स्वतःच्या मज्जातंतूंवर उठते. बऱ्याचदा तंतूचं वरचं वेष्टण खराब होतं, आतला धागा शाबूत असतो. असे रुग्ण काही आठवड्यांत, महिन्यांत उभे राहतात. आतला धागाच झिजला तर पुन्हा तो इंचा-इंचाचा हिशोब सुरू होतो. म्हणून पाणी उकळून प्या. जुलाब किंवा ताप येऊन गेल्यावर काही दिवसांनी दोन्ही पायांना मुंग्या आल्या, पायातला जोर जाऊन तो वर वर चढू लागला, गिळायला किंवा श्वास घ्यायला जड जाऊ लागलं, तर त्या दिवशीच मोठ्या दवाखान्यात जायचं. उद्यावर ढकलायचं नाही.

कारण कोणतंही असो, कोंब पोचेपर्यंत जे महिने जातात, त्यात घरी काय करायचं? स्नायूला निरोप मिळत नसला तरी हाडांचे सांधे आखडू द्यायचे नाहीत. फिजिओथेरपिस्ट शिकवतील तसं, रोज दोन-तीन वेळा, दुसऱ्या हाताने बोटं हळूवार सरळ करायची, वाकवायची. दिलेली पट्टी, म्हणजे स्प्लिंट, सांगितलेल्या वेळी बांधायची. बधिर हाताला गरम विटेचा शेक द्यायचा नाही, गरम तेल ओतायचं नाही. त्या हाताला चटका कळत नाही. चुलीजवळ जाड फडकं वापरायचं. रात्री झोपताना हात-पाय डोळ्यांनी तपासायचे, कुठे फोड आलाय का, काटा रुतलाय का. आणि झिणझिण्या येऊ लागल्या तर घाबरायचं नाही. जखमेपासून पुढे पुढे सरकणाऱ्या झिणझिण्या ही बहुधा कोंब वाढत असल्याची खूण असते. त्या कुठपर्यंत पोचल्या ते वहीत लिहा आणि डॉक्टरांना दाखवा.

आपल्या गटांच्या दशसूत्रीत आरोग्य आहेच. म्हणून येत्या बैठकीत तीन गोष्टी कराव्यात, असं आम्ही सुचवतो. एक, गटातल्या सगळ्यांनी डोळे मिटून एकमेकींच्या त्या तीन खिडक्या कापसाने तपासायला शिकावं. दहा मिनिटांचं काम आहे. दोन, गेल्या वर्षभरात कुणाला खोल कापलं असेल आणि अजून बोट बधिर असेल, तर तिचं नाव आणि इजेची तारीख लिहावी. तारीख फार महत्त्वाची, कारण डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतील. तीन, अशा बाईने कर्ज मागितलं तर ‘जखम बरी झाली की’ म्हणून तिचा अर्ज मागे ठेवू नये. बी पेरायला उशीर झाला तर पुढचा हंगाम असतो. स्नायूला पुढचा हंगाम नसतो.

आपलं घर या हातांवर चालतं. विडी वळणारा हात, चादरीच्या कारखान्यात धागा जोडणारा हात, ऊस तोडणारा हात, बाळाला उचलणारा हात. त्याची जखम भरली का, एवढंच विचारून थांबू नका. बोट हलतंय का आणि त्याला कळतंय का, हे दोन प्रश्नही विचारा. उत्तर ‘नाही’ आलं, तर त्याच आठवड्यात निघा.

सगळ्यांना सुगीच्या शुभेच्छा. विळा जपून चालवा. नमस्कार.